चकती काढल्यावर

माईंचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातले कानडे हेमलताच्या कानामागची चकती काढायला आले. लकवा झाल्यापासून माईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, बोलता येत नव्हतं. त्यांना तहान लागली की ती या चकतीमुळे हेमलताच्या घशाला जाणवायची. चार वर्षं असंच चाललं होतं.

"सुटलात, वहिनी," चकती डबीत टाकत कानडे म्हणाले.

"कसली सुटतेय. अजून लागते त्यांची तहान. आज सकाळपासून तीनदा लागली."

"ती तुमचीच असेल. त्या गेल्या त्याच दिवशी चकती बंद झाली."

"माझी तहान मला ओळखू येत नाही होय?"

"दोन तांबे पाणी प्या. तुमची असली तर भागेल."

ते गेल्यावर ती दोन तांबे प्यायली. पोटाला तड लागली, पण घसा कोरडाच राहिला. मग ती माईंच्या रिकाम्या खाटेशी जाऊन बसली. उशीवर जिथे त्यांचं तोंड असायचं, तिथे तिने चमच्याने हळूहळू पाणी सोडलं.

चौथ्या चमच्याला तिचा घसा ओला झाला. तिने उशी चाचपली. उशी कोरडी होती.