काचेला बोट लावायचं नाही

आईनं नवा चष्मा डबीतून काढला तो दोन्ही दांड्या धरून. काचेला बोट लावायचं नाही, हे थोरल्यानं तिला इतक्या वेळा बजावलं होतं की ती झोपेतही विसरली नसती. थोरल्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि गावातल्या निम्म्या नाकांवर त्याच्याच फ्रेमा बसलेल्या होत्या. नाताळच्या दुपारी जेवणाआधी एकमेकांना भेटी द्यायच्या, ही या घरची रीत. आईनं जुना चष्मा काढून ठेवला, नवा चढवला आणि मान वर करून प्रसन्न हसली.

"अगदी लख्ख दिसतंय रे. जुना नुसताच ओझं होता बघ."

थोरल्यानं भेट दिली होती ती नुसती फ्रेम. फ्रेमला काचाच नव्हत्या. डोळे तपासल्याशिवाय काचा घालणार कशा? सणाची गर्दी ओसरली की आईला दुकानात न्यायचं, नंबर काढायचा आणि मग काचा बसवायच्या, असा त्याचा बेत होता. तो तेच सांगणार होता, पण तोवर आई स्वयंपाकघरात गेलीसुद्धा. मुलाचं मन राखायला आई काय वाटेल ते बोलते, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. लहानपणी त्यानं कोळसा करून ठेवलेला केकही तिनं मिटक्या मारत खाल्ला होता.

धाकट्या बहिणीचं इकडे लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. आई उभ्या जन्मात कधी सगळ्यांबरोबर जेवायला बसली नव्हती. टेबलाचं स्वयंपाकघराकडचं टोक तिचं, तेही टेकण्यापुरतं. आज तिला खिडकीजवळच्या मानाच्या खुर्चीवर बसवायचं, आणि एकदा तरी सगळ्यांनी मिळून तोंडभरून तिचे आभार मानायचे, असं धाकटीनं ठरवलं होतं. वडील गेल्यापासून त्या खुर्चीवर थोरला बसायचा. तिनं त्याला उठवून आपल्या जागी बसवलं, आपण नवऱ्याच्या जागी बसली आणि नवऱ्याला आईच्या टोकाला ढकललं. मग तोंडावर बोट ठेवून तिनं दोघांना दटावलं. आईनं बघितलं की तिचा चेहरा कसा होतो, तेवढंच त्यांना पाहायचं होतं.

आई मोठा ट्रे घेऊन आली आणि नेहमीसारखी टेबलाला वळसा घालून थेट खिडकीशी गेली. वाढायला सुरुवात थोरल्यापासून व्हायची. रिकाम्या खुर्चीसमोरच्या ताटात तिनं कोंबडीची तंगडी वाढली आणि वाकून मायेनं म्हणाली, "सावकाश खा. दुकानाची घाई आजच्या दिवस तरी नको."

धाकटी ओठ दाबून हसत होती. आई पहिल्यापासून थट्टेखोर, आपली चाल आपल्यावरच उलटवतेय, असं तिला वाटलं. आई पुढच्या ताटाकडे सरकली. ताटामागे धाकटीच्या जागी थोरला होता, आईपासून जेमतेम दोन हातांवर. तिनं त्याला उकडलेल्या भाज्या वाढल्या आणि सांगितलं की तुझ्यासाठी वेगळ्या भांड्यात केल्यात गं, कोंबडीचा चमचासुद्धा लागू दिला नाही. धाकटीच्या ताटात मात्र भलामोठा तुकडा पडला. "जावईबापू, लाजायचं नाही हं," आई म्हणाली. मांसाला कधी तोंड न लावणारी धाकटी त्या तुकड्याकडे बघतच राहिली. तिचं हसू कधीच विरलं होतं.

ट्रे खाली ठेवून आईनं स्वतःच्या खुर्चीची पाठ धरायला हात पुढे केला. हाताला जावईबापूंचा खांदा लागला. तिनं तो चाचपला, मग कॉलर, मग कान. हात तिथेच थांबला.

थोरला उठून तिच्यासमोर आला आणि तोंडासमोर हात हलवला. तिची पापणीही लवली नाही. दुकानात तो रोज लोकांना हनुवटी टेकवायला लावून यंत्रातून बघायचा, काही दिसलं की डॉक्टरकडे धाडायचा, आणि वेळेत आलात म्हणून पाठ थोपटायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"कधीपासून, आई?"

"गेल्या नाताळात झाडावरचे दिवे दिसत होते अजून. पिवळे पिवळे, धुक्यात असल्यासारखे."

"मला का नाही सांगितलंस?"

"आले होते की दुकानात. दोनदा बाकावर बसूनसुद्धा गेले." तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. "तुझ्याकडे गर्दी होती रे. म्हटलं, पोराचा धंद्याचा दिवस."

त्याला ते दोन्ही दिवस आठवले. दोन्ही वेळा त्यानं गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून ओरडून विचारलं होतं, काही काम होतं का आई? आणि दोन्ही वेळा ती म्हणाली होती, छे, सहज.

नंतर सांगायचं नाही असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. कळलं असतं तर तुम्ही मला चुलीजवळ उभं तरी राहू दिलं असतं का, असं ती म्हणाली. एवढा नाताळ माझ्या हातचं खा, मग बोलू, असा तिचा विचार होता. धाकटी आता हमसून रडत होती. आईनं आवाजाच्या रोखानं मान वळवली आणि सणाच्या दिवशी रडू नकोस म्हणाली, पण तिचेही डोळे भरून आले होते.

थोरल्यानं आपला अंगठा पुढे केला. तो चेहऱ्याजवळ आल्याचं आईला जाणवलं आणि ती झटकन मागे सरली.

"अरे अरे, काचेला बोट..."

अंगठा फ्रेममधून आरपार जाऊन तिच्या ओल्या पापणीवर टेकला होता.