बाळाचा ताप

सरकारी दवाखान्यात येईपर्यंत तेहतीस दिवसांच्या बाळाचा ताप उतरला होता. ते दूध पीत होतं, हातपाय झाडत होतं. "आता नेऊ का घरी?" मोहिनीनं सिस्टर मेबलना विचारलं.

"एवढ्याशा बाळाचा ताप नुसता उतरून भागत नाही, बाई. तो आला कशानं, ते कळायला हवं. रक्त घेतलंय, आता लघवी तपासू."

पण लघवी काय सांगून होते? सिस्टर बाळाच्या ओटीपोटावर गार पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा हळूहळू फिरवत राहिल्या. स्वच्छ डबी धरून मोहिनीचा हात भरून आला. राहू द्या म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, तोच धार उडाली. पहिली सिस्टरांच्या बाहीवर, उरलेली डबीत. शेजारच्या खाटेवरची बाई खळखळून हसली.

तासाभरात रिपोर्ट आला. लघवीत जंतू होते आणि ते रक्तात पसरण्याचा धोका होता. मोहिनी सिस्टरांकडे वळली. "मी घरी नेलं असतं तर?"

"नेलं नाहीस ना? वेळेत सापडलंय," सिस्टर म्हणाल्या. शिरेतून औषध लगेच सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळानं भुकेनं असा टाहो फोडला, की सगळा वॉर्ड वळून बघू लागला. मोहिनीनं त्याला छातीशी धरलं आणि नवऱ्याला फोन लावला. "अहो, ऐका तरी, तुमचा लेक कसा ओरडतोय!"