सोंग बोलत नाही

पडदा वर जाऊन बराच वेळ झाला होता आणि नरसिंह अजून तयार नव्हता. नरसिंहाचं काम करणारा रघ्या मुखवट्याकडे पाठ करून उभा होता. काही केल्या वळेना.

"आमच्या घरी याचा मान नाय, मास्तर," तो म्हणाला. "ज्या घराचा मान, त्यानंच घालायचा."

त्र्यंबक मास्तरांना घाम फुटला. मास्तर म्हणजे नावाचेच. बोर्डिंगातल्या पोरांना नाटक शिकवायला नाशिकहून आणलेले उमेदवार. डोंगरातली पोरं बोर्डिंगात टिकत नाहीत, गावाकडे पळतात, ती नाटकाच्या नादानं तरी राहतील अशी हेडमास्तरांची कल्पना. आज जव्हारातली मोठी मंडळी समोर बसली होती, त्यात शाळाखात्याचे इन्स्पेक्टरही होते. एक पोर जरी गळालं तरी तुम्हीही वळकटी बांधा, हे हेडमास्तरांनी सकाळी चहा पिता पिता सांगून ठेवलं होतं.

चूक मास्तरांचीच. कागदाचा मुखवटा करून भागलं असतं, पण यांना हौस खऱ्याची. पोशेरा गावच्या बोहाड्यातला नरसिंहाचा मुखवटा, रंग उडाला म्हणून बाजूला ठेवलेला, त्यांनी मागवून घेतला आणि वर स्वतः रंगवला. बोहाड्यात देवांची सोंगं नाचतात एवढंच त्यांना माहीत. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, ते त्यांना कोण सांगणार? त्यांनी कोणाला विचारलंही नव्हतं.

तिकडे जिव्याचा हिरण्यकशिपू खांबाला लाथ मारून मोकळा झाला होता आणि कुठे आहे तुझा देव, असं पुन्हा पुन्हा ओरडत होता. गुणी पोर. त्याच्याकडे बघणं मास्तर सकाळपासून टाळत होते. त्याची आई सकू पहाटेच चालत येऊन फाटकाशी उभी राहून मास्तरांना विनवत होती. नवरा अंथरुणावरून उठत नाही, पोराचं तोंड बघायचं म्हणतो, पोराला धाडा. हेडमास्तरांनी तिला सुट्टीत बघू म्हणून वाटेला लावलं आणि जिव्याला यातलं काही कळू देऊ नका म्हणून मास्तरांना बजावलं. बजावलं नसतं तरी मास्तर बोलले नसते. पोर रडलं असतं, भाषणं विसरलं असतं, आणि नोकरी गेली असती. घाबरलेला माणूस आधी स्वतःचं बघतो, दुसरं काय.

आता वेळ नव्हता. मास्तरांनी मुखवटा उचलला, स्वतःच्या तोंडावर चढवला आणि कुडाचा खांब फोडून बाहेर आले.

खुर्च्यांवरच्या मंडळींनी वाहवा केली. मागं जमिनीवर बसलेली गावकरी माणसं मात्र सगळीच्या सगळी उठून उभी राहिली. नाटकात जरा रंगत यावी म्हणून बोलावलेल्या संबळवाल्यानं बोहाड्यातली खरी चाल धरली. मास्तरांना नाचता कुठे येत होतं! त्यांनी जिव्याला धरलं आणि मांडीवर आडवं घेतलं. आता भाषण म्हणायचं आणि नखांनी पोट फाडायचं, की नाटक संपलं.

घरी न जाता थांबलेली सकू गर्दीतून पुढं आली. तिला कोणी अडवलं नाही. देवाकडे जाणाऱ्या बाईला कोण अडवतो? तिनं मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं.

"देवा, माजा पोर धाड. याचा बा आता उठत नाय. मास्तरांना सांगून झाला, थोरल्या मास्तरांना सांगून झाला. आता तुला सांगते."

मांडीवरचं पोर ताठ झालं. जिव्यानं मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांत बघितलं. आत कोण आहे हे त्याला ठाऊक होतं.

भाषण म्हणा, भाषण म्हणा, असं हेडमास्तर पडद्याआडून दबक्या आवाजात सांगत होते. मास्तरांना एक शब्द आठवेना. आत गरम होत होतं, रंगाचा वास डोक्यात जात होता. त्यांनी होकाराची मान हलवली.

सकूनं पोराला उठवलं, हाताला धरलं आणि चालू लागली. कागदी मुकुट, काजळाच्या मिशा, सगळं तसंच्या तसं. माणसांनी बाजूला होऊन वाट दिली. इन्स्पेक्टरसाहेबांना हा शेवट नवा वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पडदा पडला तेव्हा हेडमास्तरांचा चेहरा रागानं काळा पडला होता, पण बाहेर साहेब असल्यामुळं त्यांना ओरडता येत नव्हतं. त्यांनी शिपाई कान्हाला पोरामागं पळायला सांगितलं. कान्हा खोडाळ्याचा, तिथंही बोहाडा नाचतो. तो जागचा हलला नाही. देवानं धाडलेला पोर मी कसा आणू, म्हणाला.

मास्तर खोक्यावर बसले होते. मुखवटा गुडघ्यांवर होता. हेडमास्तर त्यांच्याजवळ वाकले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "मुखवटा जड होता, मान आपोआप खाली गेली. एवढंच याला सांगा. पोर परत येईल, तुमचीही जागा कायम होईल."

कान्हा मास्तरांकडे बघत राहिला. मास्तरांनी एकदा कोपऱ्यातल्या आपल्या वळकटीकडे पाहिलं. मग मुखवटा उचलून पुन्हा तोंडावर चढवला आणि तशीच होकाराची मान हलवली, या वेळी सावकाश, नीट दिसेल अशी.

कान्हानं देवापुढं काढतात तशा पायातल्या वहाणा काढल्या.