पोवळ्याचा पंचनामा

सहादेवानं नातीची लग्नपत्रिका पुढं केली, तेव्हा विष्णुपंत फिश टँकच्या काचेला नाक लावून उभे होते.

"ठेवा तिथं," ते न वळताच म्हणाले. सहादेवानं पत्रिका सोफ्यावर ठेवली, वर अक्षता टाकल्या आणि तोही काचेपाशी आला.

आत मिठाच्या पाण्यात एक पोवळं होतं. अंगठीतलं नव्हे, जिवंत. वीतभर उंच, झुडपासारख्या फांद्यांचं, जांभळं. महिन्याभरात त्याच्यावर फिकट ठिपके पडले होते आणि बुडाकडच्या फांद्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या.

"झाड रोगात गेलंय, साहेब."

"झाड नाही. प्राणी आहे तो."

साहेबांशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

विष्णुपंतांनी कृषी खात्यात छत्तीस वर्षं काढली, बरीचशी पारनेर तालुक्यातल्या बांधांवर. नऊ वर्षांपूर्वी सहादेवाच्या डाळिंबावर तेल्या रोग आला, तेव्हा पंचनाम्याला तेच गेले होते. नुकसान तेहतीस टक्के भरलं तरच सरकारी मदत. विष्णुपंतांनी भर उन्हात एकेक झाड मोजलं आणि कागदावर एकतीस लिहिलं.

"दोन टक्क्यानं काय आभाळ कोसळतंय का, साहेब?" सहादेव काकुळतीला आला होता.

"दिसतं तेवढंच लिहायचं," विष्णुपंत म्हणाले होते.

मदत मिळाली नाही. पण दोघांचा घरोबा झाला तो तेव्हापासूनच. दोन टक्क्यांसाठी खोटं न बोलणारा माणूस औषध तरी खरं सांगणार, असा सहादेवाचा हिशेब होता.

टँक मनवाचा, म्हणजे विष्णुपंतांच्या लेकीचा. ती नोकरीसाठी हँबुर्गला गेली, तेव्हा "बाबा, एवढं सांभाळा" म्हणून सोडून गेलेला. मनवाची आई आधीच गेलेली; सावेडीच्या त्या फ्लॅटमध्ये आता विष्णुपंत आणि पोवळं, दोघंच. मनवाचा फोन दर रविवारी यायचा. दहा मिनिटं. त्यातली नऊ पोवळ्यावर जायची. पोवळंच गेलं तर उरलेलं एक मिनिट कशावर बोलायचं, या विचारानं विष्णुपंत रात्री दोन-दोनदा उठून टँक बघायचे. गेल्या रविवारी त्यांनी तिला पोवळं आजारी असल्याचं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"काय काय केलंत?" सहादेवानं विचारलं.

"मीठ तपासलं. दिवा बदलला. कॅल्शियम वाढवलं."

"उलटं करून बघितलं का?"

विष्णुपंत टँकवरचा दिवा सरळ करू लागले.

"तुमीच सांगायचा की, साहेब. आदी पान उलटं करा, मंग औषधाचं बोला. आमी न बघता युरिया टाकला तर चारचौघांत झापायचा तुमी."

विष्णुपंतांचे कान गरम झाले. त्यांनी बाही वर केली, पोवळं त्याच्या बुडाच्या दगडासकट बाहेर काढलं, उलटं धरलं आणि नोकरीतलं जुनं भिंग लावलं. खालच्या पांढऱ्या भागावर किडीच्या तपकिरी अंड्यांचे पुंजके होते.

"घ्या," सहादेव म्हणाला. "आता नुकसान किती धरायचं?"

विष्णुपंतांनी अंडी लागलेल्या फांद्या मोजल्या. "चाळीस टक्के."

"मंग बसतंय की मदतीत!" सहादेव म्हणाला आणि लग्नाला यायचं वचन घेऊन गेला. जाता जाता उपायही सांगून गेला. कांद्याची रोपं लावायच्या आधी बुडवतात, तसं औषधात बुडवायचं.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून औषध आलं. बादलीत मिठाचं पाणी, पाण्यात औषध, औषधात पोवळं. दहा मिनिटांत तळाशी तिळाएवढे चपटे किडे पडले. अंडी मात्र औषधाला दाद देत नाहीत. ती जुन्या टूथब्रशनं खरवडायची, आणि चुकून राहिलेली फुटतील म्हणून दर आठ दिवसांनी पोवळं पुन्हा बुडवायचं. असं सहा वेळा.

विष्णुपंतांनी चाळीस टक्क्यांचा आकडा मनवाला कळवला, आणि त्या दिवसापासून तिचा फोन रोज यायला लागला. दुपारी साडेतीनला, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. एवढीशी अंडी मोबाईलवर दिसायची नाहीत, त्यामुळं तिची सगळी भिस्त बाबांच्या टक्केवारीवर होती. आधी टक्के सांगायचे, मग बाकीचं. तिनं डब्यात काय आणलंय. तिच्या खिडकीतून कुठलं झाड दिसतं. एकदा ती आईसारखी आमटी जमत नाही म्हणून अर्धा तास बोलली. विष्णुपंतांना आमटीतलं काही कळत नव्हतं. शेजारच्या रंगुबाईंना विचारून त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळी कृती वाचून दाखवली. इतकं ती घरात राहत होती तेव्हाही त्यांच्याशी बोलली नव्हती.

टक्के उतरत गेले. अठरा, नऊ, पाच, दोन.

सहाव्या वेळी बादलीच्या तळाशी काहीच पडलं नाही. विष्णुपंतांनी पोवळं उलटं केलं आणि भिंगातून सगळा भाग दोनदा तपासला. एकही अंडं नव्हतं. बुडाशी नवा जांभळा रंग चढत होता. साडेतीनला फोन वाजला.

"काय म्हणतंय, बाबा? काल दोनच टक्के होतं ना? आज साफ असेल तर सुटलो आपण. मग रोज रोज तुम्हाला त्रास नको, आपलं रविवारी बोलत जाऊ."

विष्णुपंतांनी भिंग खाली ठेवलं.

"बाबा? किती आहे?"

"तेहतीस टक्के," विष्णुपंत म्हणाले.