टायर गार होईपर्यंत

"ताई, अडतीस दाखवतंय. सहा कमी करा," घाट उतरून आलेला गाडीवाला म्हणाला. मागच्या सीटवर त्याची मुलं झोपली होती.

हवेची नळी बाजूला ठेवून शेवंताने टायरला हात लावला आणि झटकन काढला. "घाटात तापलेत, म्हणून आकडा चढलाय. आत्ता हवा काढली तर गार झाल्यावर टायर नरम पडतील, वळणावर गाडी ऐकायची नाही. बसा, चहा घ्या." आज हे ती सतराव्यांदा सांगत होती. घसा बसला होता.

"हवा बघायची सोडून चहा कसला पाजताय?" तो खेकसला, पण बसला.

मुलं उठून खेळून दमली, तोवर काटा बत्तीसवर आला. गाडीवाला मुलांना गाडीत बसवून निघून गेला.

स्टोव्हपाशी तिचा नवरा निवृत्ती कप विसळत होता. तीन वर्षांपूर्वी अशाच तापलेल्या जीपची हवा त्याने गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून मुकाट काढली होती. दुसऱ्या सकाळी ती जीप वळणावरून दरीत गेली. तेव्हापासून त्याने नळीला हात लावला नव्हता.

घाटातून आणखी एक गाडी उतरताना दिसली. शेवंता कण्हत उठली. निवृत्तीने न सांगता आधण ठेवलं.