कडेवरला

नरहरीचा भाऊ चिंधू कराचीत आजवर दोनदा मेला होता, एकदा त्यानं बेकरी काढली होती आणि एकदा तर तो पांढऱ्या घोड्यावरून जाताना दिसला होता. पाहणारे सगळे बोईसरकडच्या नवापूरचेच. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जायचे, पाण्यावरची न दिसणारी रेघ ओलांडायचे आणि तिकडच्या तुरुंगात वर्षं काढून परत यायचे. परत आलं की नरहरीच्या ओट्यावर जाऊन चिंधूची काहीतरी खबर द्यायची, हा गावचा रिवाजच पडला होता. रिकाम्या हातानं म्हाताऱ्याकडं जायचं तरी कसं?

तिकडून सुटलेला शैलेश सकाळी बोईसरला उतरला, घरी जाऊन आंघोळ केली आणि झोपायच्या आधी रिवाज उरकायला आला. अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते. तीन वर्षांत तो असा वाळला होता की त्यालाही तिथंच टांगलं असतं, तर कावळ्यांना फरक कळला नसता.

नरहरीची सून जागृती चहा घेऊन आली. "काय भावजी, आमचे चुलतसासरे आज मेले का जिते हायत? सुतक धरू का गोड करू, तेवढं सांगा."

शैलेश हसला नाही. नरहरीनं हातानंच सुनेला गप्प केलं आणि नेहमीचं विचारलं, चिंधू नावाचा कुणी भेटला का. पुढची हकिकत गावात शेंबड्या पोरालाही पाठ होती. फाळणीच्या धामधुमीत नरहरीची माई कराची बंदरातून बोटीत चढली. पदरातल्या पोराला तिकीट लागत नव्हतं. मोठा चिंधू बापाबरोबर मागच्या बोटीनं येणार होता. मागची बोट अजून यायची होती.

शैलेशनं मान हलवली. चिंधू नावाचं कुणी नाही भेटलं.

"काका, आमी कराची बघितलीच नाय. भिंत बघितली."

खोटं बोलायचं म्हणजे अंगात थोडी ताकद लागते, ती त्याच्यात उरली नव्हती. नरहरीला उलट हलकं वाटलं. इतकी वर्षं तो घोडा सांभाळून तोही थकला होता.

पण कपात चहा होता आणि चहा संपेपर्यंत बोलणं भाग होतं. म्हणून शैलेश तिकडच्या एका म्हाताऱ्याची गंमत सांगायला लागला. शुक्रवारी कैद्यांना दानाचे पाव वाटायला गाडी यायची. तिच्याबरोबर एक वाकलेला म्हातारा असायचा. सगळे त्याला चाचा म्हणायचे. बोलणं तिकडचंच, पण कुणी नवापूरचा आहे असं कळलं की त्याच्यापुढं थांबायचा आणि मोडक्यातोडक्या आपल्या बोलीत एकच विचारायचा, "कडेवरला कसा हाय?"

कोण कडेवरला? नाव काय? तर कडेवरलाच. आता कडेवर एक पोर कुणाच्या घरात नसतं? कैद्यांना तेवढाच विरंगुळा. कुणी सांगायचं, चाचा, त्याला दात आले. कुणी सांगायचं, शाळेत घातला. एकानं तर त्याला सरपंच करून टाकला. काहीही सांगा, म्हातारा खूश होऊन पुढच्या बराकीकडं जायचा. फार वर्षं चाललं होतं म्हणे हे, आधी सुटून आलेल्यांनीही त्याची गंमत केली होती.

"येडा हाय बिचारा," शैलेश म्हणाला.

नरहरीच्या बशीतला चहा धोतरावर सांडत होता. जागृतीनं बशी काढून घ्यायला हात पुढं केला, तर त्यानं ती सोडली नाही.

"मला नरहरी शाळेत घालताना केला," तो म्हणाला. "तवर नावच नव्हतं. माई कडेवरला म्हणायची."

जागृती दाराच्या उंबऱ्यावर खाली बसली. तिलाही हे नाव आज पहिल्यांदाच कळत होतं. माईबरोबर ते कधीच जळून गेलं होतं.

शैलेशनं कप ठेवला आणि उठायला लागला. नरहरीनं त्याचं मनगट धरलं. ऐंशीच्या घरातल्या हाताला इतका जोर असेल असं शैलेशला वाटलं नव्हतं.

"अजून येते का तो?"

"मला सोडला त्याच्या आधीच्या शुक्रवारी आला होता."

"तुला विचारलं?"

"विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

शैलेशनं बोंबलांकडं पाहिलं, जागृतीकडं पाहिलं. त्याला फार झोप आली होती. तीन वर्षांत आली नव्हती एवढी.

"समदे गंमत करायचे, काका. मीपन केली."

"काय सांगितलंस?"

"बोललो, चाचा, कडेवरला खाली उतरला. चालते आता."

नरहरीनं मनगट सोडलं नाही. "मग?"

"माझ्या हातावर एक पाव जास्तीचा ठेवला." शैलेशचा आवाज पार खाली गेला. "बोलला, चालाय लागला का? मग येल आता."