शेवटचा हात

सुनेनं मशीन बंद केलं, व्हाइसच्या पकडीतून ठोकळा सोडवला आणि फडक्यानं पुसून खिडकीच्या उजेडात धरला. तळहाताएवढा पोलादी ठोकळा. डब्याच्या झाकणाचा पत्रा यावर दाबला जाणार, म्हणून त्याच्या वरच्या चारी कडांना बारीकशी गोलाई हवी होती, मोहरीच्या पाठीइतकी. कड धारदार राहिली तर पत्रा फाटतो, जास्त गोल झाली तर झाकणाला सुरकुत्या पडतात. आज ती गोलाई अशी बसली होती की ती संपून सपाट बाजू सुरू होते तिथं नखसुद्धा अडकत नव्हतं. सून खूश झाली. खरं तर फारच खूश झाली, पण समोर सासू बसली होती म्हणून तिनं चेहरा सरळ ठेवला.

"आई, बघा," ती म्हणाली. "पण नुसतं बघा हं."

असं बजावायला कारण होतं. घरामागच्या या वर्कशॉपमधून आजवर एकही नग सासूच्या कानशीखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. सुनेनं कितीही जीव ओतलेला असो, शेवटी सासू कानस उचलणार, कडेवरून हलकेच फिरवणार, फुंकर मारणार आणि म्हणणार, "आता झाला." त्या 'आता'नं सुनेच्या डोक्यात तिडीक जायची. एक तरी नग आपला म्हणून, फक्त आपला म्हणून जावा, एवढंच तिला हवं होतं.

सासूनं चष्मा नाकावर ओढला. गोलाई मोजायच्या गेजचं पातं कडेला टेकवून उजेडात पाहिलं. कुठेच फट नाही. मग कापसाचा पुंजका घेऊन तो चारी कडांवरून ओढला. एकही तंतू अडकला नाही.

"छान झालाय गं," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. सुनेच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. भट्टीवाला आला होता. पोलाद कडक करायला त्याच्याकडे जायचं, आणि भट्टी आजच पेटणार होती. "आलेच," म्हणून सून त्याला थांबवायला बाहेर गेली. आत आली तेव्हा सासूच्या हातात कानस होती. फुंकर मारून झाली होती आणि "आता" हा शब्द ओठांवर आला होता.

सून पुढे झाली. तिनं ठोकळा घेतला आणि कडेला पातं लावलं. एका बाजूला पात्याखालून उजेड आरपार दिसत होता. भट्टीत जायच्या आधी पोलाद मऊच असतं, आणि सासूची कानस चालायची झपाझप.

"मी काहीच केलं नाही गं," सासू म्हणाली. मग तिचं तोंड एवढंसं झालं. "हात शिवशिवले."

सुनेच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण दारात भट्टीवाला उभा होता, आणि सासू कानस पाठीमागे लपवून उभी होती. अशा बाईवर चिडायचं तरी कसं? तिनं ठोकळा परत व्हाइसमध्ये आवळला.

"उंची थोडी जास्त ठेवलीय मी. वरून जरा उतरवते आणि चारी कडा पुन्हा मारते."

"जास्त का ठेवलीस?"

"तळ घासून नेमकी करायची म्हणून. आणि तुम्ही आहात म्हणून."

भट्टीवाला हसला. "काकू, उशीर झाला तर भट्टी माझ्यासाठी थांबायची नाही."

"भट्टीचं मला सांगू नकोस, तू थांब," सासू म्हणाली. तिनं कानस भिंतीवरच्या खुंटीला अडकवली, स्टुलावर बसली आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले.

"थंडी वाजतेय का काकू?"

"गप्प बस. कोंडून ठेवलेत."

मशीन सुरू झालं. पोलादाचा वरचा थर उतरला, मग सुनेनं गोलाईचं कटर लावलं आणि जपून खाली आणलं. इथं जरा जास्त खाली गेलं की कडेला पायरी पडते आणि सगळं मुसळ केरात. एरवी या जागी सासू "बस्स, बस्स" म्हणत मानेशी येऊन उभी राहायची. आज तिचे खांदे तेवढे वर आले आणि परत खाली गेले. ती जागची हलली नाही.

कटर चारी बाजूंनी फिरून आलं. सुनेनं पातं लावलं, उजेडात पाहिलं आणि ठोकळा सासूच्या डोळ्यांसमोर धरला, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. सासूनं मान लांब करून चारी कडा पाहिल्या.

"कापूस लाव," ती हळूच म्हणाली.

सुनेनं कापूस ओढला. तंतू अडकला नाही. तिनं ठोकळा तेलकट कागदात गुंडाळून भट्टीवाल्याच्या हातात दिला.

"काकूंचा हात फिरलाय ना?" त्यानं नेहमीच्या सवयीनं विचारलं.

"नाही," सासू म्हणाली. "हा तिचा आहे."

सुनेला इतकं बरं वाटलं की काय करावं ते सुचेना. ती उगाचच मशीनवरचा चुरा झाडत राहिली. बाहेर गाडीचं दार आपटलं, इंजिन सुरू झालं. तिनं वळून पाहिलं. सासू अजून तशीच स्टुलावर होती.

"आई, काढा की आता हात."

"थांब," सासू म्हणाली. "गाडी कोपऱ्यावरून वळू दे आधी."